कलेक्टरकी सांभाळून उष्णतेचं गणित

थर्ड इयर मेकॅनिकलला हीट ट्रान्सफर सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात फोरियरचा नियम येतो. गणिताच्या पेपरात त्याच नावाची सिरीज आधीच छळून गेलेली असते. ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत, एवढंच काय, एकाच प्रश्नातून निघालेली आहेत, हे मात्र वर्गात कुणी सांगत नाही.

जोसेफ फूरिये (आपला फोरियर) २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी जन्मला. दहाव्या वर्षाच्या आसपास आई-वडील दोघंही गेले. चर्चच्या लोकांनी चालवलेल्या लष्करी शाळेत त्याला गणिताचं वेड लागलं. तोफखान्यात जायचं होतं, पण घराणं उमराव नाही म्हणून दार बंद. पुढे राज्यक्रांतीत उतरला आणि १७९४ मध्ये तुरुंगात गेला. रोबेस्पिएरची सत्ता कोसळली म्हणून सुटला, नाहीतर गिलोटिन काही लांब नव्हतं.

१७९८ मध्ये नेपोलियनबरोबर तो इजिप्तला गेला. परतल्यावर पॅरिसमध्ये शिकवायची इच्छा होती, पण नेपोलियननं त्याला १८०२ मध्ये ग्रनोबलला प्रीफेक्ट म्हणून धाडलं. प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडचा कलेक्टरच म्हणा. दलदलीचा निचरा, डोंगरातला रस्ता, फायली, तक्रारी. या सगळ्यातून वेळ काढून त्यानं उष्णतेवर काम सुरू केलं.

प्रश्न दिसायला साधा होता. लोखंडी सळईचं एक टोक सतत तापवत ठेवलं. काही वेळानं प्रत्येक ठिकाणचं तापमान स्थिर झालं, म्हणजे स्टेडी स्टेट आली. तर कुठे किती तापमान असेल? १८०४ मध्ये बियो नावाच्या शास्त्रज्ञानं हाच प्रश्न घेतला होता, पण समीकरण मांडताना तो अडला. फूरियेनं दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या काढल्या. सळईच्या आतून उष्णता किती सहज वाहते हा एक गुण, आणि पृष्ठभागावरून ती हवेत किती निघून जाते हा दुसरा. पहिला आपला के, दुसरा एच. पृष्ठभागाचा नियम न्यूटननं शंभर वर्षांपूर्वीच सुचवला होता. फूरियेनं तो आतल्या वहनाला जोडला.

हे पुस्तकी वाटत असेल, तर चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये एअर-कूल्ड बाईक घेऊन अडकून बघा. इंजिनवरच्या फिन्स म्हणजे फूरियेची तीच सळई, फक्त चपटी. बाईक पळत असते तोवर वारा उष्णता ओढून नेतो. जाममध्ये उभी राहिली की फिनच्या धातूचा के जवळपास तोच राहतो, पण वारा थांबल्यानं एच धाडकन उतरतो आणि इंजिनची धग मांडीला लागते. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचंही तसंच. आत ९०० अंशांच्या आसपास तापमान, आणि बाहेरच्या पत्र्याला हात लागला तरी भाजू नये अशी अपेक्षा. मग विटांचा थर किती, सिरॅमिक वूल किती, हा हिशोब याच दोन अक्षरांवर चालतो.

डिसेंबर १८०७ मध्ये त्यानं आपला प्रबंध पॅरिसला सादर केला. तपासायला लग्रांज, लाप्लास, मोंझ आणि लाक्रुआ. त्याहून कडक एक्स्टर्नल शोधून सापडणार नाहीत! खास करून लग्रांज अडून बसला. तापमानाचा कसलाही वक्र साइन-कोसाइनच्या बेरजेनं मांडता येतो, हा फूरियेचा दावा त्याला पटेना. प्रबंध छापला गेला नाही. १८११ च्या स्पर्धेसाठी फूरियेनं तो वाढवून पाठवला. बक्षीस मिळालं, सोबत सिद्धता कच्ची असल्याचा शेरा.

आपण अशा गोष्टीत लगेच लग्रांजला खलनायक करतो. पण शेरा खोटा नव्हता. ही बेरीज नेमकी कधी जमते याची पक्की सिद्धता डिरिक्लेनं १८२९ मध्ये दिली. फूरियेचं उत्तर बरोबर होतं, पायऱ्या अपुऱ्या होत्या. मार्क कापले जाण्याचं हे कारण आपल्यालाही ओळखीचं आहे.

ग्रंथ आला तो १८२२ मध्ये, पहिल्या प्रबंधानंतर तब्बल पंधरा वर्षांनी. त्याच वर्षी तो विज्ञान अकादमीचा कायम सचिव झाला. १८२४ मध्ये त्यानं पृथ्वीच्या तापमानाकडे मोर्चा वळवला आणि वातावरण उष्णता अडवून धरतं ही कल्पना मांडली.

इजिप्तहून आल्यापासून त्याला थंडी सोसत नसे. खोली तापवून, अंगावर थरावर थर कपडे चढवून तो बसायचा. भट्टीच्या भिंतीचं इन्सुलेशन त्यानं जणू स्वतःवरच करून घेतलं होतं. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये तो वारला. ओसेरमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी तो वितळवला गेला.