सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

चांदूर रेल्वेत डिसेंबरातली सकाळ. शेतावर जायला जुनी डिझेल जीप काढावी, तर सेल्फ मारल्यावर इंजिन नुसते फिरत राहते, पकडत नाही. मग धक्का मारायला चार जणांना हाका जातात. ज्यांच्या नावाचे हे इंजिन आहे, त्या रुडॉल्फ डिझेल यांनाही पहिल्या इंजिनाने असेच छळले होते. तेही एक सकाळ नव्हे, कित्येक महिने.

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचे युद्ध पेटले, कुटुंबाला लंडन गाठावे लागले आणि बारा वर्षांच्या मुलाला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला धाडले गेले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली ते उष्णतेचे शास्त्र शिकले. वाफेचे इंजिन कोळशातली नव्वद टक्के उष्णता वाया घालवते, ही गोष्ट तिथे कानावर पडली आणि आयुष्यभर डोक्यातून गेली नाही. लिंडे यांच्या बर्फ कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी वाफेऐवजी अमोनियावर चालणारे इंजिन करून पाहिले. त्या प्रयोगात स्फोट झाला आणि कित्येक महिने दवाखान्यात गेले.

नंतर सुचलेली कल्पना सोपी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, कारण दाबलेली हवा गरम होते. ती भरपूर दाबली, तर तिच्यात सोडलेले तेल ठिणगीशिवाय पेटेल. १८९३ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात इंजिन उभे राहिले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी ते कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवले गेले. आजच्या भाषेत सेल्फ मारला. सिलिंडरमधून हवा निसटत होती, हवा तसा दाब मिळत नव्हता. आत इंधन सोडले, तेही पेट्रोल. असा भडका उडाला की दाब मोजायचे यंत्रच फुटले. माणसे वाचली, पण इंजिन काही स्वतःहून चालले नाही.

गॅरेजवाला आजही याच दोन गोष्टी शोधतो: आत पुरेशी उष्णता होते का आणि डिझेल पोहोचते का. त्यासाठी तो आधी सायलेन्सरकडे पाहतो. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल, तर बहुधा डिझेल आत जाते आहे, पण पेटत नाही. मग उतरलेल्या बॅटरीमुळे इंजिन हळू फिरते का, हीटर प्लग तापतात का, हे पाहायचे. दोन्ही ठीक असूनही रोज सकाळी हेच होत असेल, तर रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेल्याची शंका घ्यावी. धूर अजिबात नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला किंवा त्यात पाणी, लाइनमध्ये हवा, नाहीतर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर निघालेली. लाइनने हवा घेतली असेल, तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा आणि बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये त्याला विश्रांती द्यावी.

सगळ्यात घातक उपाय म्हणजे हीटर प्लगच्या गाडीत इथरचा स्प्रे मारणे किंवा एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरणे. नोझलच्या फवाऱ्यासमोर तर बोट कधीच धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीखाली शिरते. जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसले, तरी त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जावे. उशीर झाला तर बोट किंवा हातही गमवावा लागतो.

रुडॉल्फ यांनी पट्ट्या, झडपा, फवारा सगळे पुन्हा बनवले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चालले, जेमतेम मिनिटभर. फिरवणारा पट्टा सैल पडल्याचे एका कामगाराने आधी पाहिले आणि काही न बोलता टोपी काढली, असे सांगतात. बरोबर तीन वर्षांनी, १८९७ मध्ये, अधिकृत चाचणीत या इंजिनाने इंधनातल्या २६ टक्के उष्णतेचे काम करून दाखवले.

पैसा आला, म्युनिकमध्ये मोठे घर झाले. तब्येत मात्र ढासळली. डोकेदुखी जुनीच होती. १८९८ मध्ये थकव्याने त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. पेटंटचे खटले आणि फसलेले व्यवहार यांत संपत्तीही गेली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ‘ड्रेस्डेन’ बोटीने बेल्जियमहून इंग्लंडला जाताना ते नाहीसे झाले. अपघात, आत्महत्या की आणखी काही, याचा निकाल आजवर लागलेला नाही. काही दिवसांनी डच खलाशांना समुद्रात एक देह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. त्यांत चष्म्याचे घर होते आणि गोळ्यांची एक डबी.

डिझेलवर धावणारी मोटार त्यांनी पाहिलीच नाही. रॉबर्ट बॉश यांचा डिझेल पंप १९२७ मध्ये आला, तो बसवलेली मर्सिडीजची डिझेल मोटार १९३६ मध्ये.