शेजारधर्म

शांताराम राजाराम वणकुद्रे ऊर्फ व्ही. शांताराम यांचा जन्म १९०१ साली कोल्हापुरास झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करून ते चित्रपटकला शिकले. १९२९ साली चार सहकाऱ्यांसह त्यांनी ‘प्रभात’ ही संस्था स्थापिली. ती पुढे पुण्यास आली.

कथेचा गाभा एकदा मनाशी ठरला, की पुढील प्रत्येक निर्णय ते त्याच्याच कसोटीवर घासून पाहत. १९३७ च्या ‘कुंकू’त वृद्धाशी विवाह झालेल्या तरुणीची व्यथा खरी वाटावी, म्हणून त्यांनी पार्श्वसंगीतच वर्ज्य केले.

पुढे देशात हिंदु-मुसलमानांतील तेढ वाढत चालली. अशा वेळी, १९४१ साली, शांतारामबापूंनी ‘शेजारी’ काढला. एका गावातील दोन जिवलग शेजारी, एक हिंदू व एक मुसलमान. धरण बांधू पाहणारा धनिक त्यांच्यात फूट पाडतो. गाभा शेजारधर्माचा; मग भूमिका कोणास द्यावयाच्या? हिंदी ‘पडोसी’त हिंदू ठाकुराचे काम मझहर खान यांनी केले, तर मिर्झाचे गजानन जागीरदारांनी. युक्ती साधीच; पण धर्माच्या भिंती किती पातळ असतात, हे तिने न बोलता दाखविले. अखेरीस धरण फुटते. दुरावलेले मित्र परस्परांचे हात धरून प्राण सोडतात. त्यांना वाचविणे दिग्दर्शकास कठीण नव्हते. मात्र मग भांडणाचे मोल प्रेक्षकांना कसे कळणार?

वर्षभरातच, १९४२ साली, ‘प्रभात’ सोडून बापूंनी मुंबईत ‘राजकमल’ उभारले.