काळ्या पाषाणाचा डॉक्टर

अर्धापूरच्या शिवारात विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. भारतात हे सुरुवातीला ओळखणाऱ्यांपैकी एक पेशाने डॉक्टर होते. त्यांचे नाव हेन्री वेस्ली व्हॉयसी. त्यांना भारतीय भूशास्त्राचे जनक म्हणतात.

ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ मध्ये त्यांना विल्यम लॅम्बटन यांच्या भूमापन मोहिमेत शल्यचिकित्सक व भूशास्त्रज्ञ म्हणून नेमले. छावणीतल्या आजाऱ्यांवर उपचार करायचे आणि वाटेतले खडक तपासायचे, असे दुहेरी काम होते. निजामाच्या राज्यातील खडकांचा नकाशाही त्यांनी तयार केला.

काळा पाषाण पाण्यात साका बसून झाला की आगीतून, असा वाद तेव्हा युरोपात रंगला होता. व्हॉयसींचा कौल आगीला होता. पण एप्रिल १८२३ मध्ये गाविलगडच्या डोंगरात त्यांना दगड झालेले शंख-शिंपले सापडले. लाव्हात तर जीव जगत नाही!

याचे उत्तर आज आपल्याला ठाऊक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, पसरला आणि थिजला. मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या. पुन्हा लाव्हा आला. असे थरावर थर चढून दख्खनचे पठार झाले. बालाघाटच्या डोंगरउतारांवरच्या पायऱ्या म्हणजे हेच थर. हिमालय भूखंडांच्या टकरीतून उचलला गेला, गंगेचे मैदान गाळाने भरले. आपली जमीन मात्र अशी हप्त्याहप्त्याने रचली गेली.

१८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीदरम्यानच्या जंगलात मोहिमेला तापाने गाठले. जॉर्ज एव्हरेस्ट आणि खुद्द व्हॉयसीही अंथरुणाला खिळले. तेव्हा जंगलातली हवाच ताप आणते असे मानत. कोणता ताप हे सांगणारी तपासणी नव्हती. एप्रिल १८२४ मध्ये कलकत्त्याला जाताना व्हॉयसी वाटेतच वारले. गाविलगडच्या शंखांवरचा त्यांचा लेख १८३३ मध्ये छापून आला.

हिवतापाचा परजीवी डासात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवले. व्हॉयसींना जे मिळाले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. थंडी वाजून ताप आला, तर अंगावर काढू नका. आधी रक्त तपासून घ्या.