जिंजीचे छत्रपती राजाराम महाराज

चेन्नईला बदली होऊन आल्यावर दोन वर्षांनी मी जिंजीचा किल्ला पाहिला. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला मी, इतिहास फक्त शाळेपुरता. तिंडिवनमला गाडीतून उतरून पुढे बसने गेलो. बरोबर ऑफिसातले एक तमिळ सहकारी होते. राजगिरी चढताना त्यांनी विचारले की तुमचे महाराज इथे आठ वर्षे राहिले, त्यांनी काय केले? मला धड सांगता आले नाही. मनातून फार ओशाळलो. घरी येऊन वाचले, ते थोडक्यात आपणापुढे ठेवतो.

राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा. शिवरायांचे हे धाकटे पुत्र. १६८९ साली औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारले तेव्हा हे अवघे एकोणीस वर्षांचे. रायगडाला वेढा पडलेला. येसूबाईंनी स्वतः मागे राहून त्यांना बाहेर काढले. प्रतापगड, पन्हाळा करीत, वेष पालटून ते दक्षिणेकडे निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी आश्रय दिला. त्याच वर्षी ते जिंजीस पोहोचले. हा किल्ला १६७७ मध्ये शिवरायांनीच घेऊन ठेवला होता. ती दूरदृष्टी कामी आली.

राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रगिरी या तीन टेकड्या एका तटाने जोडलेल्या आहेत. राजगिरीच्या माथ्याजवळ खोल घळ आहे. ती पुलावरून ओलांडावी लागते. पूल काढला की माथा तुटला! खाली धान्याची कोठारे, तळी आणि कल्याण महाल अजून उभे आहेत. इंजिनिअर म्हणून मी थक्क झालो.

१६९० पासून झुल्फिकारखानाचा वेढा होता. महाराजांनी जिंजीतून राज्य चालविले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांवर भार सोपविला, संताजी आणि धनाजींना मोकळीक दिली. माणसे टिकविण्यासाठी वतने द्यावी लागली. शिवरायांनी ती प्रथा आवरली होती, त्यामुळे पुढे त्रासही झाला, हे मान्य करावे लागेल. पण त्या आठ वर्षांत मोगलांची मोठी फौज इकडे अडकून पडली. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला, पण महाराज आधीच निसटले होते. १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. वय फक्त तीस. पुढे ताराबाईंनी लढा चालू ठेवला.

त्यांना दुबळे म्हणणारे आहेत. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण मेन लाइन तुटल्यावर वळणमार्गाने गाड्या चालू ठेवणे किती कठीण, हे आम्ही रेल्वेवाले जाणतो. घरापासून इतक्या लांब राहून त्यांनी राज्य बंद पडू दिले नाही.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला जिंजी, आणि तो आपल्या इतका जवळ! विसर्जनानंतर एका रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. मीही त्या सहकाऱ्यांना घेऊन पुन्हा जाणार आहे. त्यांचे उत्तर द्यायचे राहिले आहे.

गणपती बाप्पा मोरया!