कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (ऑगस्ट, इ.स. १६६९ – ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या दक्षिणेकडील कोकण किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता. सध्याच्या रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे होते. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी मराठा सत्तेचे दस्तक, म्हणजे समुद्रप्रवासाचे परवानापत्र, जवळ बाळगले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. इंग्रज, पोर्तुगीज व जंजिऱ्याचे सिद्दी यांच्याशी झालेल्या त्यांच्या दीर्घ संघर्षाचे एक प्रमुख कारण या दस्तकांत सापडते.

पूर्वपीठिका आणि बालपण

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे परिसरातील अंगारवाडी या गावावरून ‘आंग्रे’ हे नाव रूढ झाले असे मानले जाते. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींच्या आईचे नाव अंबाबाई. तुकोजींची नेमणूक सुवर्णदुर्गावर असल्यामुळे कान्होजींचे बालपण समुद्राच्या सान्निध्यात गेले. भरती-ओहोटीच्या वेळा, खडकांच्या जागा व वाऱ्यांचे हंगाम यांची ओळख त्यांना लहान वयातच झाली.

सुवर्णदुर्गाला सिद्दीने वेढा घातला असता किल्लेदार फितूर होण्याच्या बेतात होता. त्या वेळी तरुण कान्होजींनी त्याला दूर सारून किल्ला लढवला, असा पारंपरिक वृत्तांत आहे. याच प्रसंगी ते शत्रूच्या हाती सापडले आणि निसटून पोहत किल्ल्यावर परतले, असेही सांगितले जाते. तपशिलांविषयी मतभेद असले, तरी त्यांच्या नावाची ख्याती सुवर्णदुर्गापासून सुरू झाली याविषयी एकवाक्यता आहे.

सरखेलपद

इ.स. १६९८ मध्ये आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर मराठा आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. छत्रपती राजाराम महाराज व त्यांच्यामागे महाराणी ताराबाई मोगलांशी झुंजत असल्याने किनाऱ्याच्या रक्षणाचा भार बहुतांशी कान्होजींनाच वाहावा लागला. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला, मुंबई बंदराच्या तोंडाजवळचे खांदेरी बेट, हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग आणि दक्षिणेकडील विजयदुर्ग ही त्यांच्या आरमाराची मुख्य ठाणी होती.

या आरमारात गुराब व गलबत हे दोन प्रकार महत्त्वाचे होते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, सुमारे १५० ते ३०० टनांचे जहाज असे. गलबत त्याहून बरेच लहान, फार तर ७० टनांचे आणि ४० ते ५० वल्ह्यांनी चालणारे असे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. युरोपीय जहाजे मोठी आणि जड तोफांची असली, तरी वाऱ्यावाचून ती जागीच अडकत. अशा वेळी त्यांच्या पिछाडीस जाऊन मारा करणे ही आंग्र्यांच्या आरमाराची ठरलेली युद्धपद्धती होती. उथळ खाड्यांत मोठ्या जहाजांना पाठलाग करता येत नसे, हाही एक लाभ होता.

छत्रपती शाहूंशी तह

मोगलांच्या कैदेतून सुटून इ.स. १७०७ मध्ये शाहू महाराज परतल्यावर मराठा राज्यात दोन पक्ष पडले. कान्होजी प्रारंभी ताराबाईंच्या पक्षात होते. इ.स. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तेव्हा कान्होजींनी पिंगळ्यांचा पराभव करून त्यांना कैद केले आणि लोहगड, राजमाची हे किल्ले घेतले. त्यानंतर पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. इ.स. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे तह झाला. कान्होजींनी पिंगळ्यांची मुक्तता करून शाहूंचे स्वामित्व मान्य केले. शाहूंनी त्यांचे सरखेलपद आणि कोकणातील अनेक किल्ले त्यांच्याकडे कायम ठेवले. या तहामुळे कान्होजींच्या दस्तकांमागे छत्रपतींच्या राज्याचे निर्विवाद पाठबळ उभे राहिले.

दस्तकांची पद्धत

समुद्रावर परवानापत्र घेण्याची सक्ती कान्होजींनी प्रथम केली असे नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याशिवाय भारतीय जहाजांना अरबी समुद्रात निर्धास्तपणे फिरू देत नसत. कार्ताझमध्ये जहाजाचे व तांडेलाचे नाव, जहाजाचा आकार, खलाशी व शस्त्रे, जाण्याचे ठिकाण आणि निषिद्ध माल यांची नोंद असे. इंग्रज कंपनीही आपले परवाने देत असे. कान्होजींनी हीच रीत मराठा राज्याच्या नावे चालवली. आपल्या किनाऱ्याजवळून जाणाऱ्याने जकात भरून दस्तक घ्यावे, म्हणजे त्याला संरक्षण मिळेल. दस्तक नसल्यास जहाज अडवून बंदरात आणले जाईल, असा हा नियम होता.

अशा परवान्याचा उपयोग दोन गोष्टींवर अवलंबून असतो. तो देणाऱ्याचा अधिकार इतरांनी मानला पाहिजे आणि कागदावरील वर्णन प्रत्यक्ष जहाजाशी जुळले पाहिजे. पहिल्या मुद्द्यावर इंग्रजांचा नकार होता. इ.स. १७०४ मध्ये त्यांनी कान्होजींकडे दूत पाठवून मुंबई परिसरातील जहाजांची झडती व अडवणूक थांबवण्याची मागणी केली. कान्होजींनी ती मान्य केली नाही. मराठ्यांचा किनारा मराठ्यांचा असेल, तर त्यापुढील पाण्यावर जकात घेण्याचा हक्कही त्यांचाच, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा ठरला. इंग्रज निशाण लावलेले जहाज इंग्रजांचेच असेल, याची खात्री नव्हती. मुंबई व सुरत येथील देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रज जहाजांतून जाई आणि देशी जहाजेही इंग्रज निशाणाखाली फिरत. त्यामुळे दस्तक न घेता, जकात न भरता जाण्याची सोय होई. निशाण पाहून जहाज सोडावे, तर उत्पन्न बुडे. आत शिरून माल तपासावा, तर इंग्रजांशी तंटा होई.

इंग्रजांशी संघर्ष

इ.स. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांची सशस्त्र नौका आणि तिच्यासोबतचे जहाज पकडले. या चकमकीत कारवार वखारीचे प्रमुख टॉमस चाऊन मारले गेले आणि त्यांच्या पत्नी कैद झाल्या. इ.स. १७१३ च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये खंडणी घेऊन कैद्यांची सुटका करण्यात आली. याच सुमारास झालेल्या करारात कान्होजींनी कंपनीच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे, तर इंग्रजांनी आपले निशाण केवळ आपल्याच जहाजांना वापरू देण्याचे मान्य केले.

हा करार टिकला नाही. जहाज इंग्रजांचे, परंतु आतील माल देशी व्यापाऱ्याचा असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देत राहिल्या. इ.स. १७१५ च्या अखेरीस मुंबईत आलेले गव्हर्नर चार्ल्स बून यांनी आरमार वाढवून बळाचा मार्ग धरला. इ.स. १७१७ मध्ये आंग्र्यांनी ‘सक्सेस’ हे जहाज पकडल्याने वाद चिघळला. इंग्रजांनी त्याच वर्षी विजयदुर्गावर आणि इ.स. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. दोन्ही मोहिमा फसल्या. इ.स. १७२० मध्ये विजयदुर्गावरील दुसऱ्या स्वारीत तरंगत्या तोफखान्यासह आलेल्या इंग्रज आरमारालाही अपयश आले.

इ.स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली. सुमारे ६,००० सैनिक आणि कमोडोर टॉमस मॅथ्यूज यांच्या हाताखालील ब्रिटिश राजाच्या चार युद्धनौका या मोहिमेत होत्या. किल्ल्यावरील हल्ला परतवला गेला. थोरले बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीस आल्यावर दोस्तांतील बेबनाव वाढला आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी अलिबागजवळ वरसोली येथे मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. इंग्रजांना माघार घ्यावी लागली. इ.स. १७२४ मध्ये विजयदुर्गावर आलेल्या डच आरमारालाही यश मिळाले नाही.

‘चाचा’ की राज्याचा अधिकारी

समकालीन इंग्रज कागदपत्रांत कान्होजींना समुद्री चाचा म्हटले आहे आणि अनेक इंग्रज ग्रंथकारांनी तेच विशेषण पुढे चालवले. मात्र चाचा परवाने देत नाही, तह करत नाही आणि कोणत्याही राज्याच्या वतीने जकात वसूल करत नाही. कान्होजी या तिन्ही गोष्टी करत होते. त्यामुळे भारतीय इतिहासकारांनी हे विशेषण अमान्य केले आहे. असे असले, तरी या व्यवस्थेत सामान्य व्यापाऱ्याची ओढाताण होत होती, हेही लक्षात घ्यावे लागते. एकाच फेरीसाठी त्याला पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी व आंग्रे यांपैकी एकाहून अधिक सत्तांना संतुष्ट करावे लागे आणि एकाचा परवाना दुसऱ्यासमोर निरुपयोगी ठरण्याची भीती असे.

आज रायगडच्याच किनाऱ्यावर, उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात, मालाची ओळख वेगळ्या साधनांनी पटवली जाते. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंकी अनुक्रमांक आणि एक पडताळा अंक असतो. खोक्यांवरील बारकोडात बहुधा केवळ क्रमांक असतो व मालाचे वर्णन संगणकातील नोंदीत असते. क्यूआर कोडात अधिक मजकूर मावतो. साधने बदलली, तरी चिन्ह कोणी द्यावे, ते कोणत्या नोंदीशी ताडून पाहावे आणि आतील माल त्याच्याशी जुळतो की नाही, हे प्रश्न दस्तकांच्या काळातलेच आहेत. कान्होजींच्या काळी त्यांचा निवाडा तोफांनी होई, कारण सर्वांना मान्य अशी एक व्यवस्था त्या समुद्रावर नव्हती.

अलिबागची उभारणी

कुलाबा किल्ल्यासमोरील अलिबाग या नगराच्या वाढीचे श्रेय कान्होजींना दिले जाते. इ.स. १७२० मध्ये त्यांनी तेथे हिराकोट हा भुईकोट बांधला. आंग्रे घराण्याचा ‘अलिबागी रुपया’ हे चांदीचे नाणे या भागात चलनात होते.

निधन आणि उत्तराधिकारी

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबाग येथे त्यांची समाधी आहे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी हे त्यांचे पुत्र. सेखोजी सरखेल झाले, परंतु इ.स. १७३३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर भावांत कलह माजला आणि कुलाब्याची व विजयदुर्गाची अशा दोन शाखा झाल्या. तुळाजींचा पेशव्यांशी बिघाड झाल्याने पेशवे व इंग्रज एकत्र आले. इ.स. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. कान्होजींच्या हयातीत इंग्रजांना न जिंकता आलेला विजयदुर्ग मराठ्यांच्याच साहाय्याने त्यांच्या हाती गेला. कुलाब्याची शाखा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकली. त्यानंतर ते संस्थान कंपनी सरकारने खालसा केले.

स्मारके

भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला १५ सप्टेंबर १९५१ रोजी ‘आय.एन.एस. आंग्रे’ हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटाचे नामकरण इ.स. १९९८ मध्ये ‘कान्होजी आंग्रे बेट’ असे झाले. इ.स. १९९९ मध्ये टपाल खात्याने कान्होजींच्या स्मरणार्थ तिकीट काढले.