क्रीडावीर सी. के. नायडू

मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळ ओलांडून विदर्भात शिरते आणि शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा ही स्थानके मागे टाकीत नागपुरास पोचते. हा काळ्या मातीचा व कापसाचा प्रदेश. संतांच्या समाधीमुळे शेगावसारखी गावे तीर्थक्षेत्रे झाली, तशीच या भूमीने शूर खेळाडूंनाही जन्म दिला. शेगावच्या मोकळ्या रानात आज मुले तीन काठ्या रोवून क्रिकेट खेळतात. हा खेळ जेव्हा भारतात पुरता रुजलाही नव्हता, त्या काळी विदर्भातील एका तरुणाने तो असा गाजविला, की सारा देश त्याच्याकडे अभिमानाने पाहू लागला. त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. लोक त्यांना सी. के. या दोन अक्षरांनीच ओळखत.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घरची भाषा तेलुगू. परंतु त्यांचे बालपण नागपुरातच गेले. त्यांचे वडील सूर्यप्रकाशराव वकील होते. शाळेत असतानाच सी. के. ना क्रिकेटचा छंद जडला. अंगाने उंच व काटक, दृष्टी तीक्ष्ण आणि मनगटे बळकट असल्यामुळे ते लवकरच नागपुरातील नामांकित खेळाडू झाले. ते मुख्यत्वे फलंदाज होते. परंतु मध्यम गतीची गोलंदाजी करून गडी बाद करण्यातही त्यांचा हातखंडा होता.

त्या काळी मुंबईत दरवर्षी चौरंगी सामने होत. हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन असे चार संघ त्यांत उतरत. १९१६ साली नायडू प्रथमच हिंदू संघातून खेळावयास आले. समोर युरोपियनांचा संघ होता. हिंदू संघाचे सात गडी बाद झाले होते. अशा वेळी नवखा खेळाडू सहसा बिचकतो. नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथा चेंडू सरळ सीमापार भिरकावून दिला. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ असा षटकाराने झाला.

१९२३ साली इंदूरचे अधिपती तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आपल्या पदरी बोलावले आणि संस्थानच्या सैन्यात अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल झाले. तेव्हापासून क्रिकेट हेच त्यांचे जीवितकार्य बनले. सैनिकाची शिस्त आणि खेळाडूची हौस यांचा त्यांच्या ठायी मिलाफ झाला.

१९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. हा संघ भारतात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्याचा हिंदू संघाशी सामना झाला. इंग्रज संघातील गाय अर्ल याने आठ षटकार मारून १३० धावा काढल्या, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. परंतु खरे आश्चर्य पुढेच होते. नायडू खेळावयास आले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा झोडपून काढल्या. त्यांत अकरा षटकार व तेरा चौकार होते. भारतीय खेळाडू इंग्रज खेळाडूंच्या तोडीस तोड खेळू शकतो, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. देश तेव्हा पारतंत्र्यात होता. त्यामुळे या विजिगीषू खेळाचे मोल धावांच्या संख्येहून अधिक होते. दोनच वर्षांनी, १९२८ साली, भारताचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि कसोटी सामन्यांचा मार्ग मोकळा झाला.

१९३२ साली भारतीय संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला गेला. संघाचे नायकत्व पोरबंदरच्या महाराजांकडे व उपनायकत्व लिंबडीच्या घनश्यामसिंहजींकडे होते. नायकपद राजघराण्याकडेच असावे, अशी त्या काळची समजूत होती. परंतु आपल्या खेळाच्या मर्यादा ओळखून महाराज मनाच्या मोठेपणाने बाजूस झाले आणि घनश्यामसिंहजींच्या पाठीस दुखापत झाली. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नायकत्व नागपूरच्या या सुपुत्राकडे आले.

सामन्याचा प्रारंभ भारताच्या दृष्टीने अपूर्व झाला. महंमद निसार व अमरसिंग यांच्या वेगवान माऱ्यापुढे इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत परतले. पुढे इंग्लंडने डाव सावरून २५९ धावा केल्या. क्षेत्ररक्षण करताना एक जोरदार चेंडू नायडूंच्या हातावर आदळला आणि हाताला मोठी इजा झाली.

क्रिकेटचा चेंडू वजनाने सुमारे १६० ग्रॅम, कातड्याने मढविलेला व दगडासारखा टणक असतो. जखमी हाताने फळी धरणे म्हणजे प्रत्येक फटक्याबरोबर वेदनेची कळ सोसणे होय. नायडूंच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याने विश्रांती घेतली असती आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. परंतु हा देशाचा पहिलाच कसोटी सामना होता. नायकच मागे सरला, तर नवख्या संघाचा धीर सुटेल, हे ते जाणून होते. ते तशाच हाताने खेळावयास उतरले आणि त्यांनी ४० धावा काढल्या. भारताच्या १८९ धावांच्या त्या डावात त्यांच्याहून अधिक धावा कोणाच्याच नव्हत्या. भारत तो सामना १५८ धावांनी हरला. पण हा संघ कच्चा नाही, हे इंग्लंडला कळून चुकले.

त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीचे सव्वीसच्या सव्वीस सामने खेळून १६१८ धावा काढल्या, पाच शतके ठोकली व ६५ गडी बाद केले. बर्मिंगहॅम येथे त्यांनी मारलेला एक षटकार मैदानालगतच्या रिया नदीपलीकडे गेला आणि नदी ही परगण्याची सीमा असल्यामुळे चेंडू एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात पोचला, असे आजही कौतुकाने सांगतात. विस्डेन या प्रसिद्ध वार्षिकाने १९३३ साली वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली. हा मान मिळाला तेव्हा त्यांनी सदतिसावे वर्ष ओलांडले होते. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात.

१९३३ च्या डिसेंबरात भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईस झाला. त्यातही नायडूच नायक होते. दुसऱ्या डावात त्यांनी ६७ धावा काढून तरुण लाला अमरनाथ यांना साथ दिली आणि अमरनाथांनी भारताचे पहिले कसोटी शतक पुरे केले.

१९३६ साली भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला, तेव्हा मात्र नायकपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे होते. ज्याने संघाला वाट दाखविली, त्यालाच आता दुसऱ्याच्या हाताखाली खेळावे लागले. शरीराला लागलेला मार दिसतो. मनाला लागलेला दिसत नाही. त्या दौऱ्यात संघात कलहही पुष्कळ झाले. या साऱ्याचे उत्तर नायडूंनी फळीनेच दिले. ओव्हल मैदानावरील अखेरच्या कसोटीत इंग्लंडने धावांचा डोंगर उभा केला आणि भारताला लागोपाठ दुसरा डाव खेळावा लागला. चाळीस वर्षांचे नायडू खेळत असताना वेगवान गोलंदाज गबी ॲलन याचा एक चेंडू त्यांच्या अंगावर जोराने आदळला. असह्य वेदना झाल्या, तरी त्यांनी मैदान सोडले नाही. ते पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी ८१ धावा काढल्या. कसोटी सामन्यांतील ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या होय. हाच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारत एकंदर सात कसोटी सामने खेळला. त्या सातांतही नायडू होते.

कसोटी सामने संपले, तरी नायडूंचा खेळ संपला नाही. इंदुरात त्यांनी होळकर संघ घडविला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर आणि त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू असे रथी-महारथी त्या संघात होते. १९४४-४५ पासूनच्या अकरा हंगामांत या संघाने रणजी करंडकाची अंतिम फेरी दहा वेळा गाठली आणि करंडक चार वेळा जिंकला. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने आठ गड्यांच्या मोबदल्यात ९१२ धावा केल्या. त्या एका डावात सहा फलंदाजांची शतके झाली. त्यांतील एक नायडूंचे होते. त्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा काढल्या. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

नायक या नात्याने ते कडक शिस्तीचे होते. चेंडू लागला तरी खेळाडूने ती जागा चोळीत बसू नये, असा त्यांचा दंडक असल्याचे सांगतात. त्यांच्या करड्या स्वभावामुळे काही सहकारी दुखावले जात. परंतु जो नियम ते इतरांना लावीत, तो स्वतःला आधी लावीत. म्हणूनच संघात त्यांच्या शब्दाला वजन होते.

याची प्रचीती १९५१-५२ च्या हंगामात मुंबईविरुद्धच्या सामन्यात आली. नायडूंचे वय तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. समोर दत्तू फडकर हे भारताचे नामवंत वेगवान गोलंदाज होते. त्यांचा एक चेंडू उसळून नायडूंच्या तोंडावर आदळला. दोन दात तुटून खेळपट्टीवर पडले व तोंडातून रक्त वाहू लागले. वडीलधाऱ्या खेळाडूची ती अवस्था पाहून सारे गोंधळून गेले. नायडूंनी मात्र फळीनेच ते दात बाजूस सारले, वैद्यकीय मदत नाकारली आणि गोलंदाजास पुढचा चेंडू टाकण्याची खूण केली. आपली दया येऊन कोणी सौम्य गोलंदाजी करावी, हे त्यांना मंजूर नव्हते. जखमेपेक्षा अशी सवलत त्यांना अधिक झोंबली असती.

त्या काळी फलंदाजाच्या मस्तकावर शिरस्त्राण नसे. पायांवर गाद्या व हातांत मोजे एवढेच त्याचे चिलखत. आता खेळाडू शिरस्त्राण घालून खेळतात, दुखापत झाल्यास वैद्याचा सल्ला घेतात आणि ते योग्यच आहे. नायडूंचे मोठेपण जखमेची हयगय करण्यात शोधू नये. ते त्यांच्या निर्धारात आहे. पत्करलेले काम संकट आले म्हणून अर्ध्यावर टाकायचे नाही, हा तो निर्धार होय.

साठी ओलांडल्यावरही त्यांनी उत्तर प्रदेशाच्या संघाकडून रणजी सामने खेळून तरुणांना लाजविले. १९६३-६४ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघातून ते एका मदत-सामन्यात मैदानात उतरले. हा त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणीचा सामना. १९१६ साली सुरू झालेली ही कारकीर्द जवळजवळ अर्धशतक चालली. तीत त्यांनी ११ हजारांहून अधिक धावा काढल्या आणि चारशेहून अधिक गडी बाद केले.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५६ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. क्रिकेट खेळाडूस हा मान प्रथमच मिळत होता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या नावाने तरुण खेळाडूंसाठी सी. के. नायडू करंडक स्पर्धा सुरू झाली. तिच्यात खेळणाऱ्या तरुणांनी नायडूंना पाहिलेले नसते. परंतु चेंडू लागून खाली पडलेला खेळाडू जेव्हा उठतो, फळी सावरतो आणि पुढच्या चेंडूसाठी सज्ज होतो, तेव्हा तो नायडूंनी घालून दिलेल्या वाटेनेच चाललेला असतो.

अभ्यास

१. नायडूंच्या कारकिर्दीचा आरंभ कसा झाला?
२. १९२६ सालच्या त्यांच्या खेळाचे मोल धावांच्या संख्येहून अधिक का होते?
३. लॉर्ड्सच्या सामन्यात हाताला इजा झाली असताही नायडू खेळावयास का उतरले?
४. ‘शरीराला लागलेला मार दिसतो, मनाला लागलेला दिसत नाही’ हे विधान नायडूंच्या कोणत्या अनुभवास लागू पडते?
५. दुखापतीची काळजी घेणे आणि निर्धाराने काम पुरे करणे, या दोहोंचा मेळ कसा घालावा, ते आठ-दहा ओळींत लिहा.