कै. रमाबाई रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचे स्वतःचे कार्य न्यायमूर्तींच्या पश्चात उभे राहिले, आणि त्याचाच परिचय आपल्या ज्ञातिबंधुभगिनींस करून द्यावा असा या लेखाचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे वय अकरा वर्षांचे होते व अक्षरओळखही नव्हती. माधवराव एकतीस वर्षांचे, विधुर आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी हा विवाह केला. पतीने आरंभिलेले शिक्षण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस मुळीच रुचले नाही. दिवसा त्यांची बोलणी ऐकावी आणि रात्री धडे गिरवावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. उलट उत्तर न देता अभ्यास मात्र सोडावयाचा नाही, हा त्यांचा बाणा. पुण्यास मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचण्याचा मान त्यांनाच मिळाला. १८८४ साली ती शाळा निघाली; तीच हुजूरपागा.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले. पदरी मूल नव्हते. अन्नवस्त्राची ददातही नव्हती. देवधर्मात उरलेले आयुष्य घालविले असते तरी कोणी नावे ठेविली नसती. परंतु ज्यांस ही ददात होती अशा असंख्य विधवा व परित्यक्ता दिराच्या वा भावाच्या घरी पोळपाट-लाटण्यावर जन्म काढीत होत्या. त्यांस कीर्तन-पुराणाने धीर येईल, पण मिळकत कोठून येणार? गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले ते याचे उत्तर म्हणून. लिहिणे-वाचणे, शिवणकाम, अध्यापन आणि रुग्णशुश्रूषा हे विषय तेथे सुरू झाले.

यातील शुश्रूषेचा विषय सर्वांत कठीण ठरला. परपुरुषास स्पर्श, रात्रपाळी, नाना जातींच्या रुग्णांची सेवा. कुलीन म्हणविणाऱ्या घरांस हे कसे मानवावे? तरीही ससून रुग्णालयात सेवासदनाच्या विद्यार्थिनी शिकू लागल्या. एवढ्या प्रतिष्ठित घरची स्त्री पाठीशी उभी असल्यामुळे निंदकांची जीभ थोडी आवरली गेली, हे मान्य केलेच पाहिजे. प्रतिष्ठेचा याहून चांगला उपयोग प्रस्तुत लेखकास तरी ठाऊक नाही. आपल्या ज्ञातीतही मुलीच्या पगाराविषयी चारचौघांत बोलताना आवाज खाली आणणारी घरे अद्यापि आहेत!

काही सुधारक रमाबाईंस फार सौम्य समजत. ते सर्वस्वी खरे नाही. पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम केवळ मुलांपुरतेच असावे असा घाट घातला गेला, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावरील या बाई स्त्रियांसह रस्त्यावर उतरल्या. मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्यांनी खटपट केली. १९२१ साली कायदे कौन्सिलाने तो ठराव मान्य केला.

१९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक पतिनिधनापाशीच थांबते. पुढील तेवीस वर्षांचा वृत्तांत त्यांनी लिहिला नाही. १९२४ साली त्या निवर्तल्या, तेव्हा सेवासदनात शिकून स्वतःच्या मिळकतीवर मुलेबाळे पोशीत असलेल्या स्त्रिया गावोगावी दवाखान्यांत व शाळांत कामास लागल्या होत्या.